चिंधी बांधलेला दोडका

आई,

तुझा दोडका संपला. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट फिरवून सांगितलेली तुला खपायची नाही. कुणी गावाकडून निरोप घेऊन आलं आणि पाणी पिऊन, घाम पुसून, हवापाण्याचं बोलायला लागलं की तू दारातच म्हणायचीस, "कोण मेलंय ते आदी सांगा, कसं मेलं ते मागनं सांगा." तर दोडका गेला. माझ्याकडं त्याचं एकही बी उरलेलं नाही, आणि जिथं जिथं तू ते दिलं होतंस त्या दारांत मी जाऊन आलो, तिथंही नाही. दोडका बाजारात मिळतो, बाराही महिने मिळतो, हातभर लांब आणि फूटपट्टी लावल्यासारखा सरळ. पण तो तुझा नव्हे. तुझा वीतभर असायचा, देठाकडं निमुळता आणि मधे पोट सुटलेला, शिरा जाड पण नखानं निघतील इतक्या कोवळ्या. बी काळंभोर, खरखरीत, कडेला बारीक कंगोरा असलेलं. हे मी इतकं बारकाईनं लिहितोय ते तुला माहीत नाही म्हणून नव्हे. आता हे कुठंतरी लिहिलेलं असावं, दुसरं काही राहिलेलं नाही, म्हणून.

मागचं परडं मला अजून जसंच्या तसं दिसतं. शिरोळकडच्या त्या सगळ्या उसाच्या रानात आपल्या घरामागचा तेवढाच तुकडा असा होता की जिथं ऊस नव्हता. न्हाणीचं पाणी आधी अळवाला, अळवाकडून केळीला, आणि केळीचं भागलं की उरलेलं शेवग्याच्या बुडाला. खरकटं म्हशीला, शेण थापून शेणीला, शेणीची राख भांड्याला, आणि भांडी घासलेलं पाणी पुन्हा अळवाला. यात तू फार मोठं काही करतेयस असं तुला कधी वाटलं नाही. आता माझ्या गच्चीवर लोक येतात आणि याच गोष्टींना मोठमोठी नावं देतात. तू चुलीपुढं बसलीयेस, दोडक्याचं टोक विळीवर कापतेस, जिभेच्या शेंड्याला लावतेस, क्षणभर थांबतेस आणि मान हलवतेस. कडू नाही. मगच बाकीचा चिरायचा. शिरा वेगळ्या काढून तव्यावर, तीळ आणि लसूण घालून त्याची चटणी, आणि गराची भाजी मुगाची डाळ घालून. फेकायला उरायचा फक्त देठ, आणि तोही म्हैस खायची.

आखितीला तू आळी टाकायचीस. वेलाला फळं धरली की बुडाजवळचं पहिलं चांगलं फळ तू बियाला सोडायचीस आणि त्याच्या देठाला तुझ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचीस, वाऱ्यानं सुटू नये म्हणून तीन गाठी मारून. चिंधी बांधली की ते फळ कुणाचं नाही. पोरं कच्च्या काकड्या पळवायची, पण चिंधीच्या फळाला हात लावायची नाहीत. पावणे आले आणि घरात भाजीला काही नसलं तरी तू त्या फळाकडं बघायचीसुद्धा नाहीस. वेलावरच ते करकरीत वाळायचं, हलवलं की आत बी वाजायचं. मग शेणीच्या राखेत घोळून बी गाडग्यात, आणि गाडगं शिंक्यावर उंच, कारण आपल्याकडं नदी घरात कधी येईल याचा नेम नाही.

आणि वाळलं की पहिली मूठ दुसऱ्याला. हे मला कधीच पटलं नाही. एकदा ती बांधावरची बाई आली होती, जिच्याशी तुझं वर्षभर भांडण चाललेलं, जिनं आपला बांध कोरला म्हणून तू चव्हाट्यावर तिच्या सात पिढ्या काढल्या होत्यास. ती दारात उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "दोडक्याचं बी हाय का वो?" तू आत गेलीस, गाडगं उतरवलंस आणि तिच्या पदरात मूठभर बी टाकलंस. ती गेल्यावर मी म्हणालो, हिला कशाला दिलंस? माझ्याकडं तू ज्या नजरेनं बघितलंस ती मला अजून आठवते. "भांडान माझं हाय तिच्यासंगं," म्हणालीस, "दोडक्याचं न्हाय." आणि मग, गाडग्याचं तोंड बांधता बांधता, "उद्या आपल्यातलं गेलं तर कुणाच्या दारात जाशील रं?"

मी त्या वेळी हसलो. मी शिकत होतो ना, माझं मीच. सुतारकामातून ओतकामाच्या लाकडी पॅटर्नमध्ये आलो, कुणी गुरू नाही, सर्टिफिकेट नाही, ड्रॉइंग वाचायला मी रद्दीच्या दुकानातली पुस्तकं उलटीपालटी करून शिकलो. तू एकदा कोल्हापुरात, उद्यमनगरात माझ्या कारखान्यात आली होतीस ते तुला आठवतं का? पेढ्यांचा पुडा घेऊन आलीस आणि लाकडाच्या भुश्यात पाय घसरू नये म्हणून चपला काढून हातात धरून उभी राहिलीस. मी तुला सागवानाचा एक पॅटर्न दाखवला, पंपाच्या केसिंगचा. सांगितलं, हे असं लाकडात करायचं, मग वाळूत याचा ठसा घ्यायचा आणि त्यात लोखंड ओतायचं. याच्यावरून हजार निघतील. तू तो हातात घेतलास, फिरवून बघितलास. "आन् ह्यो एकच हाय व्हय?" होय. "मग दोन करून ठेव की. एक शेजाऱ्याकडं ठेव." कामावरची सगळी पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. शेजारचा कारखानदार म्हणजे माझा धंद्यातला वैरी, त्याच्याकडं माझा पॅटर्न! संध्याकाळी तुला एसटीत बसवून दिलं तेव्हा तू पिशवीतून बियाचं एक गाडगं काढलंस आणि म्हणालीस, घर बांधतोयस न्हवं, गच्चीवर आळी टाक.

आळी टाकली. तू गेल्यानंतरची सगळी वर्षं टाकली. उपनगरातल्या या घराच्या गच्चीवर आता माझं जे काही आहे ते बघायला आली असतीस तर आधी नावं ठेवली असतीस आणि मग दिवसभर खाली उतरली नसतीस. भंगारातल्या ड्रमची बुडं कापून त्यांना भोकं पाडली, किती अंतरावर आणि केवढी ते मोजून. ओला कचरा घराबाहेर जात नाही. पागोळ्यांचं पाणी टाकीत, भांड्यांचं पाणी गाळून केळीला, भांडी रिठ्यानं आणि राखेनं. बाजारात जाताना कापडी पिशवी, आणि पिशवी विसरली तर परत घरी. बायको म्हणते, "तुमच्यासंगं संसार म्हंजे रोज परीक्षा." पण पेपर तीही सोडवते. दर रविवारी लोक बघायला यायचे. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले. मी त्यांना खताचा ड्रम उघडून दाखवायचो, मूठभर खत नाकाशी धरायला लावायचो, आणि शेवटी तुझ्या वेलापाशी आणून उभं करायचो. म्हणायचो, हे बी दुकानातलं नाही. डोळे बांधून खायला घाला, मी चवीवरून सांगेन की हा माझ्या आईचा.

आता कसं गेलं ते सांगतो.

आमच्या घराला भिंत लागून ज्या वहिनी राहतात, त्या पेठेत वाढलेल्या. मन मोकळं, आवाज त्याहून मोकळा. मी वाटीनं दिलेली भाजी खाऊन एकदा त्या गच्चीवर आल्या. "भावजी, चार बिया द्या की दोडक्याच्या. सूनबाई म्हणती, असला दोडका माहेरात खाल्लाला न्हाय."

मी म्हणालो, "देतो वहिनी. पण आधी तुमच्या कुंडीतला तो बाजारचा वेल काढा."

"का वो? त्यानं काय घोडं मारलंय?"

"दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. तुमच्या वेलाचे पराग माझ्या बियाच्या फुलावर आले तर बी बिघडतं."

"म्हंजे आमचा वेल तुमच्या वेलाला बाटवतोय म्हणा की."

हसत म्हणाल्या. पण मी काय करावं? मी त्यांना समजावून सांगायला बसलो. नर फूल कुठलं, मादी फूल कुठलं, दुपारीच कळीला कापडाची टोपी कशी घालायची, संध्याकाळी नर फूल आणून कसं टेकवायचं आणि पुन्हा टोपी. शास्त्रशुद्ध सगळं. त्या "व्हय व्हय" म्हणत खाली गेल्या आणि पुन्हा कधी मागायला आल्या नाहीत. पुढं गल्लीत माझं नाव पडलं, सोवळ्यातला दोडकेवाला. मला त्याचा राग आला नाही, उलट थोडा मानच वाटला. तसं मी कुणालाच दिलं नव्हतं. रविवारी येणाऱ्यांनी मागितलं तरी नाही. त्यांच्या हातात गेलं की दोन वर्षांत ते कशाशी तरी मिसळणार, आणि मग माझ्या आईचा दोडका म्हणून ते काहीतरी भलतंच खाणार. बी शुद्ध राहायचं तर ते एका हातात राहिलं पाहिजे, असं माझं मत होतं. अजूनही त्यात चूक कुठली ते कागदावर मला दाखवता येणार नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी पाऊस असा लागला की उघडीपच नाही. ड्रममधले वेल बुडातून सडले. मी घरात होतं नव्हतं तेवढं सगळं बी पुन्हा टाकलं. नव्या वेलांतलाही एकच तग धरून राहिला, आणि तोही माझ्या मांडवावर न चढता कठड्यावरून खाली, वहिनींच्या बाजूला उतरला. त्याला फळ धरलं ते एकच, त्यांच्या खिडकीसमोर. एरवी मी बियाच्या फळाला पत्र्याचा बिल्ला लावतो, त्यावर खिळ्यानं कोरलेला क्रमांक. पण त्या वर्षी मन हळवं झालं होतं. तुझ्या लाल लुगड्याचा एक तुकडा माझ्याकडं आहे, त्याची पट्टी फाडली, कठड्यावरून ओणवा झालो आणि देठाला बांधली. तीन गाठी, तुझ्यासारख्या. उठताना कंबर धरली, पण समाधान इतकं वाटलं की बायकोला सांगितलं, आज आईनंच बांधल्यासारखं वाटलं.

त्या खिडकीच्या आत वहिनींची सून बाळंतीण होती. नुकतीच घरी आलेली. हे मला माहीत होतं, बायकोनं डिंकाचे लाडूही नेऊन दिले होते. पण बाळंतिणीच्या खिडकीपुढं लाल चिंधी, तिला तीन गाठी, आणि वर अमावास्या तोंडावर, याचा अर्थ पेठेत वाढलेल्या बाईला काय लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या गावात ती चिंधी आंधळ्यानंही ओळखली असती. इथं तिची दुसरीच ओळख होती.

मी कारखान्यातून आलो तर त्यांच्या अंगणात धूर. मीठ, मोहरी, मिरच्या, आणि मधोमध काहीतरी काळं. खोकला येईल असा ठसका. त्यांचा मुलगा गाडीतलं पेट्रोल बाटलीत काढून घेऊन उभा, कारण ओला दोडका जळत नव्हता. फळ हातानं धरायचं नाही म्हणून वहिनींनी ते सांडशीनं धरून कोयत्यानं तोडलं होतं, आणि हातासरशी कठड्यापलीकडं वाकून वेलही बुडापासून. मी फाटकात उभा राहिलो. मला आधी ती चिंधी दिसली, तिची कड अजून लाल होती.

"वहिनी, ते काय जाळताय?"

"करणी!" त्या ओरडल्या. "कुण्या रांडंनं माझ्या नातवाच्या उशापाशी बांधलीया, तिचा हात झडंल."

"ती माझ्या आईच्या लुगड्याची चिंधी आहे. मी बांधली."

मुलानं बाटलीचं बूच लावलं. वहिनींचा चेहरा आधी उतरला, आणि मग चढला. "तुम्ही? आन् कशापायी वो? मी तर भ्यालो. पोरगं रातभर रडतंय, आन् सकाळी बघतो तर खिडकीफुडं ही!"

"बियाला सोडलेलं फळ होतं ते. त्याला चिंधी बांधतात."

"कोण बांधतंय? कुटं बांधत्यात? आम्हास्नी काय सपान पडतंय का?" आणि मग त्या जे म्हणाल्या ते मी इथं लिहितोय, कारण ते मला अजून ऐकू येतं. "सांगायचं की मग! तोंड न्हवतं का तुम्हाला? बी मागिटलं तवा आर्धा तास बोललासा की!"

काठीनं उकरून बघितलं. फळ अजून कोवळं होतं, आत बी पांढरं, दुधाळ. एकदा तोडल्यावर, जळलं नसतं तरी उपयोगाचं नव्हतं. हे मी उभ्या उभ्या ठरवलं आणि घरी आलो. वेलाच्या बुडाला फूट येईल म्हणून पुढं रोज बघत राहिलो. आली नाही.

मग मी शोधायला निघालो. आधी आपलं घर. धाकट्यानं परड्याच्या जागी ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड घातली आहे, खाली कोबा केलाय, आणि कोब्याच्या कडेपासून ऊस. मी विचारलं तर तो हसला. "दादा, दोडक्यासाठी गाडी काढून आलास व्हय? चौकात मिळतोय की." शिंकं कुठं आहे विचारलं. त्याला शिंकं म्हणजे काय ते आठवायला वेळ लागला. मी चिडलो नाही, आई. त्याच्या घरात दोनदा गळ्याएवढं पाणी आलंय, त्यानं काय काय आठवत बसायचं.

मग ती बांधावरची बाई. ती गेलीच आहे, सून होती. तिनं चहा दिला, आदरानं बोलली. "सासूबाई लावायच्या," म्हणाली. "माझ्या पोरास्नी लई आवडायचा. पर आता जागाच कुटाय?" खरंच नव्हती. त्यांच्या उंबऱ्यापासून ऊस सुरू होतो, दार उघडलं तर पात्या आत येतात. मी एकेक दार घेत गेलो. तुझ्या हातून मूठ घेतलेल्या बायकांपैकी बहुतेक आता नाहीत, आणि ज्या आहेत त्यांना दोडका आठवतो, तू आठवतेस, परड्यात कोण कुठं भांडलं तेही आठवतं. बी कुणाकडं नाही. कुणी विकलं नाही, कुणी टाकलं नाही. एका वर्षी पाऊस झाला, एका वर्षी लग्न निघालं, एका वर्षी गुडघे दुखायला लागले, आणि लावायचं राहिलं. वाटेत नदी ओलांडताना पाण्यावर सांडपाण्याचा फेस होता, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर एकाच रंगाचा हिरवा ऊस, आणि मी गाडी चालवत विचार करत होतो की मी गच्चीवर रिठ्यानं भांडी घासतो. कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. मलाच हसू आलं.

शेवटी कुणीतरी म्हणालं, तुझ्या आईची ती मैत्रीण, मावशी, ती लेकीकडं असते, कागलजवळ. गेलो. ओसरीत बाजेवर बसली होती, डोळ्यांत फूल पडलेलं. आवाजावरून ओळखलं नाही, तुझं नाव घेतल्यावर ओळखलं. माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तिचंच नाक," म्हणाली. मी दोडक्याचं विचारलं.

"हाय की!" ती म्हणाली.

आई, मी तिथंच ओंजळ पुढं केली. तिनं लेकीला हाक मारली, आतल्या फळीवरचं गाडगं मागवलं. तोंडाला फडकं, आत राख, अगदी तुझ्यासारखं. तिनं मुठीनं राख चाळली आणि माझ्या ओंजळीत बी टाकलं. "तुझ्या आईनं दिल्यालं हाय. दरसाली लावतो मी, दरसाली ठेवतो. तिला म्हणलंवतं, तुझं बी म्या मरू द्यायचो न्हाय."

मी अंगठ्यानं राख पुसली. खाली बी गुलाबी होतं. तो गुलाबी रंग मला चांगला माहीत आहे. दुकानातल्या पाकिटातलं, औषध चोळलेलं बी, कीड लागू नये म्हणून. मी मान वर केली तर तिची लेक दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. मग मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "दोन-तीन वर्सं झाली असतील, आईचं बी उगवलंच न्हाय. ती रोज आळ्यापाशी जाऊन चाचपायची. तवापास्नं माझं मालक दरसाली पाकीट आणत्यात, मीच राखंत मिसळतो. तिला दिसत न्हाय. खुशीत हाय. काय सांगू?"

मी म्हणालो, काही सांगू नका. आणि परत आत जाऊन मावशीच्या पाया पडलो. तिनं विचारलं, "गाडग्यातच ठेवशील न्हवं?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते, गाडग्यातच ठेवलं.

असलं बी मी आजवर घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही, हे तुला माहीत आहे. पण त्या बाईनं ओंजळीत दिलेलं बी रस्त्यावर कसं टाकायचं? आखितीला आळी टाकली. सगळं उगवलं, एकूण एक. वेल असे चढले की मांडव पुरेना. रविवारी कुणी येत नाही आता, मीच येऊ नका म्हणून कळवलं. आधी मी त्यांना सांगायचो, प्रत्येकानं आपल्या घरापुरतं केलं तरी पुष्कळ होतं. हे वाक्य आता माझ्या तोंडातून निघत नाही. माझ्या घरापुरतं एवढंसं होतं, तेही मला राखता आलं नाही. खताचा ड्रम मात्र हलवतो. ते काही आशेनं नव्हे. हाताला सवय आहे, आणि कचरा कुठंतरी टाकायचाच असतो.

वहिनी परवा भेटल्या, जिन्याखाली. नातवाला कडेवर घेऊन. बऱ्याच दिवसांनी समोर आल्या. "भावजी, माझ्याकडनं चुकलं," म्हणाल्या. "आता काय करू सांगा, मी करतो. म्हणशीला ते करतो." मी विचार करून बघितला. खरंच, त्यांनी करावं असं आता काही शिल्लक नव्हतं. कुंडीतला वेल काढा म्हणायलाही अर्थ नव्हता, दोन्ही बाजूंना आता तेच आहे. मी पोराच्या गालाला हात लावला आणि वर आलो.

पहिला दोडका निघाला तो हातभर लांब, सरळ, पाकिटावरच्या चित्रासारखा. तोडून ठेवला तर बायकोनं तो घेतला. टोक कापून जिभेला लावलं. हे मी तिला कधी शिकवलं नाही, तुझं बघून उचललं असणार. शिरांची चटणी केली, गराची भाजी, मुगाची डाळ घालून. भाकरीबरोबर ताटात वाढली आणि समोर बसून राहिली.

"आत्यांच्यासारखा लागतोय का?" तुला ती अजून आत्याच म्हणते.

मी घास तोंडात धरला. आता माझी परीक्षा होती, मीच लोकांपुढं बढाई मारून ठेवलेली. डोळे मिटले. तुझा दोडका आठवायला लागलो. परडं आठवलं, चूल आठवली, विळीवर टोक कापताना तुझी मान आठवली. चव आली नाही. गोडसर होता का तुझा? थोडा उग्र होता का? शेवटचा खाल्ला त्याला तीन पावसाळेही झाले नाहीत, आई. ज्याच्यासाठी मी चार बिया शेजारणीला दिल्या नाहीत, ती चव माझ्या जिभेवर नव्हती. मी डोळे उघडले आणि बायकोला म्हणालो, "व्हय. तसाच."

पूर्वी मी कोल्हापुरातून तुला पत्रं लिहायचो ती धाकटा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि शेजारच्या बायका भिंतीला कान लावून ऐकायच्या. हे मात्र तू असतीस तरी मी धाडलं नसतं. हे त्यानं मोठ्यानं वाचलेलं मला चाललं नसतं. दोडका गेला तिथपर्यंत एक वेळ चाललं असतं, चुका झाल्या त्याही चालल्या असत्या. पण पुढचं एवढंच राहिलंय, ते तुला एकटीलाच सांगायचं आहे. तो पाकिटातला दोडका चांगला लागला. मी अजून वाढ म्हणालो.